सिस्टर, हे लिहून ठेवा: परिचारिकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालात परिचारिकांची पत्रं जास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार 2023 साली जगात 2 कोटी 98 लाख परिचारिका होत्या आणि तरीही 58 लाखांची कमतरता होती. ही कमतरता वॉर्डात नेमकी कुठे बोचते, ते खालच्या प्रश्नांवरून कळतं. उत्तरं सदराच्या सल्लागार परिचारिकांची आहेत.

प्रश्न: आमच्या मेडिकल वॉर्डात नाईटला दोन स्टाफ आणि तीसच्या वर पेशंट असतात. मेट्रनना सांगितलं तर ‘सगळीकडे हीच परिस्थिती आहे’ एवढंच उत्तर मिळतं. आम्ही करायचं काय?

‘काम फार आहे’ या तक्रारीला प्रशासनाकडे उत्तर तयारच असतं. ‘काल रात्री या बेडचं हे काम झालं नाही’ याला उत्तर देणं अवघड जातं. म्हणून आधी नोंदी जमवा, आणि नुसती डोकी मोजू नका. तीस पेशंटपैकी वीस जण आपापले उठून बाथरूमला जात असतील तर ती रात्र वेगळी. वीस जणांची कूसही तुम्हालाच बदलायची असेल तर ती वेगळी.

एक वही करा, दर ड्युटीला एक पान. ड्युटी सुरू होताना किती पेशंट होते, त्यात किती नवे आले, किती गेले, किती ट्रान्सफर झाले. ऑक्सिजनवर किती, चालू इन्फ्युजन किती, रक्त किती जणांना चढलं, तासातासाला बघावं लागणारे किती, आणि भरवण्यापासून स्वच्छतेपर्यंत सगळं आपल्यावर अवलंबून असलेले किती. ॲडमिशन आणि डिस्चार्ज हमखास विसरले जातात. मध्यरात्रीच्या सेन्ससमध्ये, म्हणजे पेशंटच्या मोजणीत, बेडवर एकच पेशंट दिसतो. पण त्याच बेडवरून दिवसात एक घरी गेला आणि दुसरा आला असेल, तर कागदपत्रं, औषधं, समजावून सांगणं हे सगळं दोघांचं झालेलं असतं.

पानाच्या मागच्या बाजूला काय राहिलं ते लिहा. वहीचा खरा उपयोग याच बाजूचा. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक बिआट्रिस कालिश यांनी 2006 पासून या राहून गेलेल्या कामांचा अभ्यास केला. वेळ कमी पडला की परिचारिका आधी इंजेक्शनं आणि सलाईन सांभाळतात. सुटतं ते पेशंटला चालवणं, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, वेळेवर भरवणं, घरी जाताना नीट समजावणं. ही कामं कुणी बेल वाजवून मागत नाही आणि बऱ्याच चार्टवर त्यांना रकानाही नसतो. मग चार-सहा दिवसांनी बेडसोर दिसतो, न्यूमोनिया होतो, पायात गुठळी होते, आणि तेव्हा त्या रात्रीची आठवण कुणालाच नसते. म्हणून ‘तोंडाची स्वच्छता: 9 पैकी 3 जणांची झाली’ असं आकड्यात लिहा. पेशंटचं नाव नको, बेड नंबर पुरे.

तीन आठवड्यांची पानं झाली की सगळ्या स्टाफच्या सह्यांनी एकाच पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात त्याच काळातले बेडसोर, पेशंट पडल्याच्या घटना, उशिरा गेलेले डोस जोडा. संशोधनाचा आधार हवा असेल तर अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा 2002 चा पेन्सिल्व्हेनियातला अभ्यास घ्या. 168 रुग्णालयांमध्ये त्यांना असं दिसलं की परिचारिकेमागे एकेक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. आणि ‘सगळीकडे हीच परिस्थिती’ हेही खरं नाही. कॅलिफोर्नियात 2004 पासून हे प्रमाण कायद्याने ठरलेलं आहे: आयसीयूत दोन पेशंटमागे एक परिचारिका, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात 2005 पासून पाचांमागे एक.

हे झालं पुढचं. त्या रात्रीपुरतं सांगायचं तर ड्युटी घेतल्याबरोबर सुपरवायझरला वेळेसह लेखी कळवा आणि एक थेट प्रश्न विचारा: ‘यातलं कोणतं काम मागे ठेवू?’ मागे काय ठेवायचं हा निर्णय एकट्या स्टाफने डोक्यावर घेऊ नये. काम वाटताना ‘तू इंजेक्शनं, मी बाकी सगळं’ असं करू नका, बेड वाटून घ्या. कामांची वाटणी केली की प्रत्येक पेशंटला दोघी बघतात, पण पूर्ण पेशंट कुणीच बघत नाही.

प्रश्न: इंजेक्शन देऊन झाल्यावर सुई बोटात घुसली. सहकारी म्हणाली, बोट दाबून रक्त काढ आणि स्पिरिट लाव. हे बरोबर आहे का? पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट माहीत नव्हता.

दोन्ही चूक. दाबल्याने, पिळल्याने आजूबाजूच्या पेशींना इजा होते. स्पिरिट, ब्लीच, आयोडीन यांनी जखम जळते आणि संसर्ग टळल्याचा पुरावा नाही. बोट तोंडातही घालू नका. हातमोजा काढा आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, बस्स. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर साध्या पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती डोळ्यातच ठेवून आधी धुवा, मग लेन्स काढून पुन्हा धुवा.

यानंतर वेळ महत्त्वाची. ‘ड्युटी संपल्यावर बघू’ असं करू नका. वॉर्ड दुसरीच्या हवाली करून कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती पहिल्या दोन तासांत सुरू झालेली उत्तम. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा असतो आणि मळमळ होते म्हणून मध्येच सोडायचा नसतो. मळमळीवर वेगळं औषध मिळतं. पेशंटचा रिपोर्ट माहीत नसेल तर त्याच्या संमतीने रक्त तपासतात, पण रिपोर्टची वाट बघत पहिला डोस थांबवत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला की औषध बंद करता येतं.

भीती नेमकी कशाची बाळगायची हेही समजून घ्या. एचआयव्ही असलेल्या रक्ताच्या सुईमुळे लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे 3 इतकी असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र 6 ते 30 टक्के आहे. तरीही बहुतेक जणी फक्त एचआयव्हीचं विचारतात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस (0, 1 आणि 6 महिने) झाले म्हणून निश्चिंत होऊ नका. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या. तो 10 एमआययू/मिली किंवा जास्त हवा. ज्यांचा टायटर तेवढा आलाच नाही त्यांना सुई लागल्यावर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, शक्यतो 24 तासांच्या आत. हिपॅटायटिस सीसाठी लस नाही, टोचल्यावर घ्यायचं औषधही नाही, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.

तुमची स्वतःची पहिली तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. आजार आधीपासून नव्हता, कामावर लागला, हे पुढे सिद्ध करायला तोच एक कागद असतो. पुढच्या तपासण्या साधारण 6 आठवडे, 3 महिने आणि 6 महिन्यांनी होतात. त्या काळात रक्तदान नको, कंडोम वापरा, अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. घटना-नोंदीत (इन्सिडेंट रिपोर्टमध्ये) सुई पोकळ होती की शिवायची, आत रक्त दिसत होतं का, शिरेतून काढलेली होती का, किती खोल गेली, हातमोजा होता का, हे सगळं लिहा. धोका यावरूनच ठरतो.

आणि ती सुई लागली कशी? झाकण परत लावताना, की गच्च भरलेल्या डब्यात दाबताना? शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया आणि ब्लेड टाकायचा, डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा आणि तो ट्रॉलीवर, हाताशी हवा. डबा नर्सिंग स्टेशनवर असेल तर वापरलेली प्रत्येक सुई अख्खा वॉर्ड ओलांडून जाते.

प्रश्न: पेशंट ‘बरा वाटत नाही’ एवढंच मला सांगता येतं. डॉक्टर फोनवर ‘बीपी किती? मग ठीक आहे’ म्हणून ठेवून देतात.

तुम्हाला वाटतंय ते बहुधा खरं असतं, पण फोनवर ते आकड्यात गेलं पाहिजे. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारलेला न्यूज-2 स्कोअर (नाडी, श्वास, बीपी वगैरेंना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते ओळखण्याची पद्धत) याच कामासाठी आहे. एक उदाहरण बघा. श्वास मिनिटाला 24, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन 95, बीपी वरचं 108, नाडी 112, ताप 38.4 अंश, पेशंट शुद्धीवर. यातला एकही आकडा एकट्याने घाबरवणारा नाही. गुण मांडा: श्वासाचे 2, सॅच्युरेशनचा 1, बीपीचा 1, नाडीचे 2, तापाचा 1. बेरीज 7. पाचला डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं असतं आणि सातला आणीबाणी समजायची असते.

यात सगळ्यात आधी बदलतो तो श्वास, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते त्याच्याकडेच. चार्टवर ओळीने 20, 20, 18, 20 दिसलं की ते मोजलेलं नाही, भरलेलं आहे हे कुणालाही कळतं. पूर्ण 60 सेकंद मोजा. नाडीवर बोट ठेवूनच छातीकडे बघा, नाहीतर पेशंटला कळतं आणि श्वास बदलतो.

फोनवर क्रम ठेवा: मी कोण, कुठून, कोणता पेशंट; आत्ता काय झालंय; तो कशासाठी दाखल आहे; आकडे आणि स्कोअर; आणि शेवटी स्पष्ट मागणी, ‘15 मिनिटांत येऊन बघा.’ ही मागणीच बरेचदा राहते आणि फोन नुसती माहिती देण्यापुरता होतो. नाही म्हणाले तर फोनची वेळ, कुणाशी बोललात, काय उत्तर आलं हे केसपेपरवर लिहा आणि वरच्या डॉक्टरांना फोन लावा. तो तुमचा अधिकार आहे, आगाऊपणा नाही.

प्रश्न: इन्सुलिनचा डोस चुकला. पेशंटला काही झालं नाही. कळवलं तर मेमो मिळेल म्हणून गप्प आहे.

काही झालं नाही हे आत्तापुरतं. इन्सुलिन कोणतं होतं त्यावर साखर किती तासांनी उतरेल हे ठरतं. त्यामुळे डोस चुकल्याचं लक्षात येताच साखर तपासायची, डॉक्टरांना सांगायचं, दर तासाला किंवा ते सांगतील तसं पुन्हा तपासायचं आणि ग्लुकोज हाताशी ठेवायचं. गप्प राहिलात तर रात्री घाम फुटलेल्या पेशंटकडे बघून कारण काय ते कुणालाच कळणार नाही. केसपेपरवर काय दिलं, किती, केव्हा, नंतर काय केलं एवढंच लिहा. कारणं आणि दोष घटना-नोंदीत.

आता चूक झाली कशी ते शोधा. 40 युनिटच्या (मिलीला 40 युनिट अशा खुणांच्या) सिरिंजमध्ये 100 युनिटचं (मिलीला 100 युनिट असलेलं) इन्सुलिन 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर 0.5 मिली येतं आणि पेशंटला 20 ऐवजी 50 युनिट जातात. कपाटात दोन्ही सिरिंज शेजारी असतील तर ही चूक आज तुमच्याकडून झाली, उद्या दुसरीकडून होईल. तुम्हाला मेमो देऊन कपाट बदलत नाही. म्हणून घटना-नोंदीत सिरिंज कुठे होत्या, प्रकाश कसा होता, त्या वेळी कोण काय विचारत होतं हे लिहा. तसंच ‘10U’ मधला यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि 100 वाचलं जातं, म्हणून ‘युनिट’ पूर्ण लिहायचं. ‘1.0’ चं 10 होतं, म्हणून दशांशानंतरचं शेवटचं शून्य लिहायचं नाही. पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवणं तर सरळ जीवावरचं आहे. ते वॉर्डच्या साठ्यातून हलवून कुलपात, वेगळ्या लेबलखाली हवेत.

औषधं काढताना मध्ये कुणी बोलणं हा किरकोळ त्रास नाही. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत संशोधक योहाना वेस्टब्रुक यांनी केलेल्या 2010 च्या अभ्यासात, प्रत्येक व्यत्ययामागे औषध देण्यातल्या वैद्यकीय चुका सुमारे 13 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. फोन आणि नातेवाईक त्या अर्ध्या तासात दुसऱ्या व्यक्तीने सांभाळायचे, हे इनचार्जनी ड्युटी लावतानाच ठरवावं. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध), पोटॅशियम यांची दुहेरी तपासणी करताना ‘हे 20 आहे ना?’ असं विचारू नका. समोरची हो म्हणते. दोघींनी ऑर्डर वेगवेगळी वाचून, हिशोब वेगवेगळा करून मग उत्तर जुळवायचं.

प्रश्न: गडबडीत चार्टिंग राहिलं तर सकाळी मागची वेळ टाकून लिहिलं तर चालेल का?

नाही. आत्ताची वेळ टाका, ‘उशिराची नोंद’ असं लिहा आणि मग घटनेची वेळ द्या. चुकलेल्या मजकुरावर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नको, खाडाखोड नको, मध्ये रिकामी ओळ नको. उशिराच्या नोंदीवर कुणी प्रश्न विचारला तरी उत्तर देता येतं. मागची वेळ टाकलेली उघडकीला आली तर त्या फाइलमधल्या तुमच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न: महिन्यात दोनदा नाईट लागते, मध्येच इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग. झोप पूर्ण बिघडली आहे.

इव्हिनिंग संपवून घरी पोहोचायचं आणि पहाटे परत निघायचं, यात झोपेला पाच तासही उरत नाहीत. दोन ड्युट्यांमध्ये किमान 11 तासांची विश्रांती हा युरोपातल्या कामगार कायद्याचा नियम आहे आणि मागणी करताना तोच आकडा धरावा. ड्युट्यांचा क्रमही पुढे सरकणारा हवा: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट. झोप उशिरा ढकलणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. डबल ड्युटी ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून स्वीकारताना हेही लक्षात असू द्या की अमेरिकेतल्या 2004 च्या एका अभ्यासात, साडेबारा तास किंवा अधिक काम झालं की चुकीची शक्यता तिप्पट झालेली आढळली.

पहिल्या नाईटच्या आधी दुपारी दीड तास झोपून जा. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागातच. कॅफीनचा अर्धा परिणाम उतरायलाही सुमारे पाच तास लागतात. पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ, तेव्हा हिशोबाची औषधं एकट्याने काढू नका. पाळीपाळीने 20 मिनिटांची डुलकी अधिकृत करून घ्या. त्यापेक्षा लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं, म्हणून उठल्यावर लगेच औषधांना हात लावू नका. सकाळी स्वतः गाडी चालवत जायचं टाळा. घरी गेल्यावर खोली अंधारी आणि थंड, फोन दुसऱ्या खोलीत.

प्रश्न: नातेवाईक अंगावर धावून येतात. सिक्युरिटी येईपर्यंत काय करायचं?

दार तुमच्या पाठीमागे असेल असं उभं राहा, त्यांच्या थेट समोर नको, जरा तिरकं, दोन हातांच्या अंतरावर. आवाज त्यांच्याइतका चढवू नका. ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्याने माणूस भडकतो. ‘काय झालं ते मला सांगा’ म्हणा. बहुतेक राग वाट बघण्याचा आणि काहीच न कळण्याचा असतो, म्हणून ‘डॉक्टर येतील’ऐवजी खरी वेळ सांगा आणि त्या वेळी पुन्हा जाऊन भेटा. हात उगारला की बोलणं संपलं: बाहेर पडा, मदत बोलवा. शिवीगाळ झाली तरी घटना-नोंद करा. एकट्या मारहाणीच्या नोंदीपेक्षा आधीच्या दहा शिवीगाळींच्या नोंदींवर रात्रीचा गार्ड मागणं सोपं जातं.

प्रश्न: पेशंट वर सरकवताना कंबर भरते. बेल्ट लावला तर फायदा होईल का?

बेल्टने कंबर वाचते याचा चांगला पुरावा नाही, उलट खोटा धीर येतो आणि जास्त वजन उचललं जातं. पेशंट हलवताना एकीच्या वाट्याला सुमारे 16 किलोपेक्षा जास्त वजन येऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधनातून आली आहे. माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे सहावा हिस्सा भरतो. म्हणजे 70 किलोच्या पेशंटचा नुसता पाय ड्रेसिंगसाठी धरून ठेवायचा तरी 11-12 किलो झाले.

म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं. पेशंटला कुशीवर करून खाली स्लाइड शीट (सरकवण्यासाठीची गुळगुळीत चादर) घाला. नसेल तर गुळगुळीत प्लास्टिकचं आवरण दुहेरी घातलं तरी घर्षण बरंच कमी होतं. बेड आधी कमरेइतका उंच करा आणि ब्रेक लावा. सरकवायच्या वेळी, पेशंटला सोसत असेल तर, डोक्याकडची बाजू सपाट करा. ही तीन कामं अर्ध्या मिनिटाची आहेत आणि घाईत तीच सुटतात. दोघी दोन बाजूंना, एक पाय पुढे, शीट मुठीत अंगाजवळ, आणि मोजणी एकीनेच करायची. पेशंटला पाय दुमडून टाचेने रेटा द्यायला सांगा. बरेच जण देऊ शकतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. काखेत हात घालून ओढणं पूर्ण बंद करा. त्याने त्यांचा खांदा निखळू शकतो आणि तुमच्या कंबरेवर वाकलेल्या स्थितीत सगळं वजन येतं. कळ पायात उतरत असेल, बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा बदलला असेल तर पुढच्या ड्युटीची वाट न बघता दाखवा.